एमएस ऑर्थो करून यूकेला यायचं म्हणतोस, तर

"सर, एमएस संपत आलं. प्लॅब देऊन यूकेला येऊ का? बायको आणि पहिलीतली मुलगी सोबत असतील," असं विचारलंयस. प्लॅब (परदेशी डॉक्टरांची परीक्षा), व्हिसा, जीएमसी (इथली डॉक्टरांची नोंदणी करणारी संस्था) हे सगळं त्यांच्या साइटवर आहे, तिथे वाच.

ट्रेनिंगची सीट मिळेलच असं धरून येऊ नकोस. इथल्या पदवीधरांना आधी, हे सरकारने जुलै २०२५ मध्ये जाहीर केलंय. उरते फेलोची, म्हणजे ट्रेनिंगबाहेरची, नोकरी आणि पोर्टफोलिओची वाट, म्हणजे केलेल्या कामाचे पुरावे दाखवून स्पेशालिस्ट म्हणून नोंद मिळवणं. म्हणून आजपासून ई-लॉगबुक, म्हणजे ऑपरेशन्सची ऑनलाइन नोंदवही, भर. आपल्याकडे लॉगबुक म्हणजे परीक्षेच्या तोंडावर गठ्ठ्याने सह्या. इथे प्रत्येक केसपुढे लिहायचं: नुसतं असिस्ट केलं, कन्सल्टंट (वरिष्ठ सर्जन) स्क्रब होऊन शेजारी होता, की लांब उभा होता. ट्रेनी सहा वर्षांत १८०० केसेस दाखवतो. माझ्याकडे ठाण्यातल्या केसेसचे पुरावे मागितले, तेव्हा बाबा कॉलेजच्या ऑफिसात हेलपाटे घालत होते. एकदा साहेब रजेवर. एकदा साहेब हजर, तर शिक्क्याचं पॅड सुकलेलं! अजून आठवलं की डोकं फिरतं.

कळवा-मुंब्र्याच्या ट्रॅकवरून आलेल्या पेशंटची टिबिया (नडगीचं हाड) मी रेसिडेन्सीत रात्री तीनला आत सळई घालून नेल करायचो, सोबत इंटर्न आणि सी-आर्मचं एक्स-रे मशीन चालवणारा. इथे येऊन कित्येक महिने नुसता रिट्रॅक्टर धरून असिस्ट केलं. मग पहिली डीएचएस मिळाली, म्हणजे मोडलेल्या खुब्यात स्क्रू आणि प्लेट बसवायचं ऑपरेशन. कन्सल्टंटने स्क्रीनकडे बोट दाखवलं, "टिप-अपेक्स किती?" स्क्रूच्या टोकापासून खुब्याच्या गोळ्याच्या टोकापर्यंतचं ते अंतर २५ मिलिमीटरच्या आत हवं, हे मला पाठ होतं, मोजून दाखव असं मात्र आजवर कुणी म्हटलं नव्हतं. भयंकर राग आला. कन्सल्टंटचा, की ज्यांनी कधी विचारलंच नाही त्यांचा, ते अजून ठरत नाही. हात तिकडेच तयार झाले, हेही खरं.

एकटेपणाचं सगळेच विचारतात. ऑन-कॉल असला की वेळ नसतो, नसला की झोप येते. सोड.

मुलीचं मात्र नीट ऐक. फेलोच्या नोकऱ्या बहुतेक वर्षाच्या करारावर. गाव बदललं की शाळा बदलते, आणि अधेमधे प्रवेश मागितला की जिथे जागा शिल्लक असेल ती शाळा पदरात पडते. माझी लेक ठाण्यात इंग्रजी माध्यमातच होती, तरी इथे तिला इंग्रजी न येणाऱ्या मुलांच्या टेबलावर बसवलं. रिपोर्टमध्ये बाईंनी लिहिलं, "शांत मुलगी". ठाण्यातल्या डायरीत दर महिन्याला शेरा असायचा, "वर्गात फार बोलते". बायकोने तो रिपोर्ट फाइलला लावला नाही. मी विचारलंही नाही.

जमलं तर ऑगस्टची पोस्ट घे, इंग्लंडमध्ये शाळा सप्टेंबरला सुरू होते. इथे वर्ग वयावर ठरतो आणि रेघ ३१ ऑगस्टची. मुलीची जन्मतारीख कळव, कुठल्या वर्गात बसेल ते सांगतो.