गोंड्यावर माशी नाही? आधी पंप खाली ठेवा

प्रश्न: कांदा बीजोत्पादनाचा एक एकर प्लॉट आहे. गोंडे (फुलांचे झुपके) फुललेत, पण माशी फिरकत नाही. दुकानदार म्हणतो, फुलकिड्यांसाठी एक हात मारून घ्या, वरून माशी ओढणारं औषध देतो. बांधाकडेला काही माश्या सरपटताना दिसल्या. त्यांना रोग असेल का? गुळाचं पाणी ठेवू का?

उत्तर: फवारू नका. फुलकिड्यांचा बंदोबस्त गोंडा उमलायच्या आत करायचा असतो. ती वेळ गेली असेल तर थोडं नुकसान सोसा, बी तरी भरेल. फुलोऱ्यात इमिडाक्लोप्रिड, थायमेथोक्झाम किंवा फिप्रोनिल मारलं की माशी गेली, आणि माशी गेली की बी पोचट. कांद्याच्या फुलात पराग आधी सुटतो आणि स्त्रीकेसर मागून तयार होतो. एका फुलाचा पराग दुसऱ्यावर न्यायला कुणीतरी लागतंच.

सरपटणारी माशी उचलून बघा. सोंड बाहेर लोंबत असेल तर बहुतेक विषबाधा समजा. असे प्लॉट मी दरवर्षी बघतो. शेतकरी म्हणतो ‘माझी फवारणी नाही’, आणि शेजारच्या बांधावर रिकाम्या बाटल्या पडलेल्या असतात. शेजाऱ्याशी बोला.

रोगाचं म्हणाल तर तोही याच्याशीच जोडलेला आहे. माशीच्या पोटात जिवाणूंचं विरजण असतं. त्यावर तिचं पचन चालतं आणि रोगाशी झुंजायची ताकदही टिकते. सातेरी, आग्या, फुलोरी या पोळं करून राहणाऱ्या. कोशातून बाहेर पडलेल्या कोवळ्या माशीला हे विरजण पहिल्या काही दिवसांत बहिणींकडून मिळतं. पण जमिनीत एकट्यानं बीळ करणाऱ्या रानमाश्यांना असा शेजार नसतो. त्यांना ते फुलांतून आणि मातीतून गोळा करावं लागतं. म्हणून तुमच्या फुलावर आणि बांधावर जे पडतं, ते थेट त्यांच्या पोटात जातं. प्रयोगांत ग्लायफोसेट या तणनाशकानं मधमाश्यांच्या पोटातले उपयोगी जिवाणू घटले. टेट्रासायक्लीन या प्रतिजैविकानं तर जिवाणूही घटले आणि माश्याही जास्त मेल्या. तुमच्याकडे प्रत्येक करप्यावर जी प्रतिजैविकाची पुडी खपवतात ना, तिच्यात स्ट्रेप्टोमायसीनसोबत तेच टेट्रासायक्लीन असतं. कांद्याचा जांभळा करपा बुरशीचा आहे, त्यावर ही पुडी काय करणार?

आणखी एक. कीटकनाशक, बुरशीनाशक, टॉनिक, स्टिकर (औषध पानाला चिकटवणारं) सगळं एकाच पंपात ढवळू नका. प्रोपिकोनॅझोलसारखं बुरशीनाशक सोबत असलं की काही कीटकनाशकं माशीला एरवीपेक्षा जास्त जहाल ठरतात. दुकानदार ‘चालतंय’ म्हणेल. त्याची बाटली खपते, त्याला चालणारच. लेबलवरच्या मात्रेच्या वर एक मिली नको, दीडपट तर मुळीच नको. अगदीच निकड असेल तर निदान माश्या घरी परतल्यावर, सूर्य मावळल्यानंतर. सकाळी दहाला तर कधीच नाही.

गुळाचं पाणी नको. ते आंबतं, माश्यांना हगवण लागते, आणि एकाच परातीवर दहा पोळ्यांच्या माश्या आल्या की एकीचा रोग सगळ्यांना. माशी ओढणाऱ्या औषधाचे पैसे वाचवा.

त्याऐवजी बांध सांभाळा. हे मी प्रत्येक सभेत सांगतो आणि लोक हसतात. बांधाच्या उन्हाकडच्या, उघड्या बाजूला पेन्सिलीच्या जाडीची भोकं आणि तोंडाशी भुसभुशीत मातीची रास दिसते. लोक मुंग्यांची वारुळं समजून त्यावर पावडर टाकतात. जरा वेळ बसा. मागच्या पायांना पिवळा पराग माखलेली माशी आत शिरताना दिसेल. तो बांध रोटाव्हेटरनं खरवडू नका, पेटवू नका, त्यावर तणनाशक मारू नका. कडेला कोथिंबीर, मोहरी टाका, पण गोंडे फुलायच्या आत त्यांचा फुलोरा संपेल अशा बेतानं. नाहीतर माशी मोहरीवरच रमेल. कांद्याच्या मकरंदात पोटॅशियम जास्त, तिला तो तसाही फारसा आवडत नाही.

प्रश्न: सातेरीच्या पेटीत अळ्या मरताहेत. दुकानातून आणलेली अँटिबायोटिक साखरेच्या पाकातून देऊ का?

उत्तर: नको. अळी उचलल्यावर पाण्याच्या पिशवीसारखी लोंबत असेल तर तो विषाणू आहे. थाई सॅकब्रूड म्हणतात त्याला. 1991-92 च्या सुमारास दक्षिणेत यानं सातेरीच्या असंख्य वसाहती संपवल्या. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, उलट माशीच्या पोटातलं विरजण तेवढं मरतं. रोगट फण्या काढून जाळा, ती पेटी निरोगी पेट्यांपासून लांब न्या, एकीची चौकट दुसरीत घालू नका. राणी तगडी असेल तर वसाहत सावरू शकते.

प्रश्न: पेट्यांना अनुदान मिळतं का?

उत्तर: मिळतं. राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाची मधकेंद्र योजना, 50 टक्के अनुदान, 50 टक्के तुमचे. प्रशिक्षण घ्यावं लागतं. चौकशी जिल्हा ग्रामोद्योग कार्यालयात करा. आणि अर्ज करण्याआधी या हंगामातली औषधांची सगळी बिलं घेऊन माझ्याकडे या. काय काय मारलंय ते आधी बघू.