परदेशात ट्रॅव्हल कार्डने कॅश काढताना फी जास्त कापली जाते, ती कशी टाळायची?

पूर्ण टाळणं अवघड आहे, पण बरीच कमी होते. सगळ्यात जास्त पैसे जातात ते एटीएमच्या एका स्क्रीनवर. मशीन विचारतं, तुमच्या घरच्या चलनात रक्कम कापू का, खाली रेट दिलेला असतो आणि 'ॲक्सेप्ट'चं बटण चांगलं ठळक असतं, ते दाबायचं नाही, 'डिक्लाइन' दाबायचं. मी पहिल्यांदा घाबरून ॲक्सेप्ट केलं होतं, वाटलं डिक्लाइन केलं तर व्यवहारच रद्द होईल, पण तसं सहसा होत नाही, पैसे येतात आणि ते स्थानिक चलनातच कापले जातात. त्या सोयीच्या नावाखाली दिलेला रेट जवळजवळ नेहमीच महाग असतो.

दुसरं म्हणजे फी बहुतेक वेळा दर व्यवहारामागे असते. समजा एका वेळेला ३ डॉलर फी आहे, तर ५०-५० करत सहा वेळा काढले की १८ गेले, तेच ३०० एकदम काढले तर फक्त ३. अर्थात एवढी कॅश खिशात घेऊन फिरायची तयारी हवी.

कार्डवर जिथे जाताय तिथलंच चलन भरा, नाहीतर क्रॉस करन्सीची, म्हणजे एका चलनातून दुसऱ्यात बदलण्याची, वेगळी फी लागते. विमानतळावरची, टुरिस्ट गल्लीतली सुटी एटीएम सोडा, बँकेचं शोधा, आणि मशीन स्वतःची फी दाखवत असेल तर सरळ कॅन्सल करून पुढच्या एटीएमवर जा. क्रेडिट कार्डने मात्र कॅश काढूच नका, व्याज बहुधा त्याच दिवसापासून सुरू होतं.