आधी दुसरा सीपीयू उठवा, ड्रायव्हरचं नंतर

तुम्हाला एनसीआरचा व्हॉयेजर जातीचा जुना चार पेंटियमचा सर्व्हर मिळालाय, आजचं लिनक्स त्यावर उभं राहत नाही, आणि तुम्ही स्वतः कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, हात घालायला तयार आहात. जरूर घाला. पण डिस्क आणि नेटवर्कच्या मागे आधी लागू नका, तिथेच बहुतेकांचा दम संपतो.

अनेक सीपीयूंच्या मशीनसाठीचं इंटेलचं मल्टिप्रोसेसर स्पेसिफिकेशन आणि एपिक (सीपीयूंपर्यंत इंटरप्ट, म्हणजे 'हातचं सोडून इकडे बघ' असा इशारा, पोचवणारा कंट्रोलर) रुळण्याआधी प्रत्येक कंपनीने आपापली पद्धत काढली होती. कॉम्पॅकने १९८९ मध्येच दोन ३८६ चं सिस्टिमप्रो आणलं होतं. व्हॉयेजरवर एपिकच्या जागी एनसीआरचा स्वतःचा इंटरप्ट कंट्रोलर आहे, व्हिक. त्यामुळे तीनच प्रश्न महत्त्वाचे: झोपलेला सीपीयू उठतो कसा, एक सीपीयू दुसऱ्याला हाक कशी मारतो, आणि घड्याळाचा टिक कोणाकडे येतो.

तिन्हींची उत्तरं लिहिलेली आहेत. जेम्स बॉटम्ली यांनी व्हॉयेजरचा सपोर्ट लिहिला आणि तो कर्नलमध्ये २.६.२९ पर्यंत, म्हणजे २००९ पर्यंत होता. मी तुमच्या जागी असतो तर २.६.२० च्या आसपासचा सोर्स घेतला असता, कारण तेव्हा ३२ आणि ६४ बिटांचा एक्स८६ कोड वेगवेगळा होता आणि व्हॉयेजरची डिरेक्टरी सुटी वाचता येते. तिथे दिसेल की टिक एका सीपीयूकडे येतो आणि तो बाकीच्यांना पुढे कळवतो. उठवण्याची युक्ती तर फारच सुंदर आहे: मेमरीच्या अगदी सुरुवातीला रिअल मोडचं (सीपीयू उठताना ज्या जुन्या १६ बिटी अवस्थेत असतो तिचं) व्हेक्टर टेबल, म्हणजे कोणत्या इंटरप्टला कोणता कोड चालवायचा याची यादी असते, त्यातल्या एका नोंदीत आपल्या कोडचा पत्ता लिहायचा आणि मग त्या सीपीयूला इंटरप्ट पाठवायचा.

इथे सांभाळा. त्या नोंदीत पत्त्याचे दोन भाग असतात: आधी ऑफसेट, मग सेगमेंट. अशाच एका बोर्डावर मी हे उलटं लिहिलं होतं, आणि तीन रात्री दुसरा सीपीयू मुका. शेवटी उठल्या उठल्या सिरियल पोर्टवर फक्त 'B' पाठवणाऱ्या चारपाच ओळी असेंब्लीत लिहिल्या, स्टॅक नाही, पेजिंग नाही. नोंद सुलटी केली आणि टर्मिनलवर ते एक अक्षर उमटलं. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. कर्नलचे संदेश छापणारं प्रिंटके तिथपर्यंत पोचलेलं नसतं.

वेळ मोजायला टीएससीवर (प्रत्येक सीपीयूच्या आतल्या, त्याच्याच वेगाने चालणाऱ्या मोजणीवर) विसंबू नका, असल्या मशीनमध्ये वेगवेगळ्या वेगाची कार्डं असू शकतात. डिस्क-नेटवर्कची कार्डं ज्यावर बसतात त्या मायक्रोचॅनेल बसचा कोडही कर्नलच्या ३.५ मध्ये गेला, म्हणून आजच्या कर्नलवर आणायचं तर ते काम वेगळं आणि मोठं आहे. आधी जुन्यावर चारही सीपीयू दिसू द्या.

आणि एक मनापासून सांगतो. असा कोड जातो तो वाईट असतो म्हणून नव्हे. एक्स८६ चा सामायिक भाग कोणी बदलला की हा मोडतो, आणि मोडला हे बघायला दुसऱ्या कोणाकडे मशीनच नसतं. म्हणून तुमचे बदल शक्य तितके वेगळ्या फाइलींत ठेवा आणि दर नव्या आवृत्तीला एकदा तरी बूट करून बघा.

आता प्रोसेसर कार्डाचा फोटो टाका. एका कार्डावर दोन सीपीयू आहेत की चार, हे कळायला हवं. चारवाल्या क्वाड कार्डांवर क्विक नावाचा वेगळा कंट्रोलर असतो, आणि मग हाक मारण्याचा कोडही वेगळा लागतो.