ताईंना विचारा : पदर खांद्यावर आला, पण बाजार कुठंय?

प्रश्न : ताई नमस्कार, मी गंगाखेड तालुक्यातल्या एका खेड्यातली, बीएच्या शेवटच्या वर्षाला, मराठी घेऊन. छत्रपती संभाजीनगरला आम्ही तिघी रूम करून राहतोत. घरी सांगितलंय की अभ्यासिका लावली अन् एमपीएससी करतेय. फीस खरंच भरते पण तिथं बसून संतांचं वाचते, वरून चालू घडामोडीचं पुस्तक उघडं ठेवते कारण शेजारच्या खुर्चीवर गावाकडचीच एक मुलगी बसते. यंदा जनाबाई नीट वाचली अन् डोकंच फिरलं. "डोईचा पदर आला खांद्यावरी, भरल्या बाजारी जाईन मी", ही बाई सातशे वर्षांपूर्वीची, आमच्याच गंगाखेडची, अन् शाळेत आम्हाला नुसत्या गोवऱ्या आणि जातं एवढंच सांगितलं! आता वाटतंय तिनं घर सोडलं तसं आपणबी आपल्या मनानं जगावं, एमए मराठी करावं, घरच्यांना कशाला विचारायचं. पण दर गुरुवारी आई एसटीत कंडक्टरजवळ डबा देते, भाकरी अन् शेंगदाण्याची चटणी, जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेली, तो घ्यायला स्टँडवर उभी राहिले की लई चोरट्यासारखं होतं. मी स्वार्थी झालेय का?

उत्तर : स्वार्थी बिर्थी काही नाही गं, पण जनाबाईबद्दल एक गल्लत झालीय तुझी, ती आधी काढते. तिनं घर सोडलं नाही, बापानंच तिला लहानपणी पंढरपूरला नेऊन दामाशेटींच्या घरी ठेवलं असं परंपरा सांगते. दामाशेटी म्हणजे नामदेवांचे वडील, नामदेवांचा जन्म १२७० चा धरतात, म्हणजे तुझी सातशे वर्षं बरोबर आहेत. त्या घरी झाडलोट, दळण, पाणी, शेण, सगळं तिनं केलं अन् स्वतःला "नामयाची दासी" म्हणवून घेतलं. तिच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत, ते असे कामाच्या रगाड्यातून आलेत, "दळिता कांडिता तुज गाईन अनंता". तुला निदान तिघींत एक रूम आहे अन् गुरुवारचा डबा आहे, तिला स्वतःचं असं काय होतं?

मग तिचा तो मोकळेपणा कुठून आला म्हणशील, तर तू उतरवलेल्या ओळीच्या पुढं जा. हातात टाळ घेईन, खांद्यावर वीणा, "आता मज मना कोण करी". अन् शेवटी, "जनी म्हणे देवा मी झाले येसवा". येसवा म्हणजे वेश्या. गाईडवाले इथं "उत्कट भक्ती" एवढं लिहून पुढच्या प्रश्नाला लागतात. पदर ढळलेल्या बाईला बाजारात लोक काय म्हणणार हे तिला पक्कं माहीत होतं, म्हणून लोकांनी तोंड उघडायच्या आत तिनं स्वतःच म्हणून टाकलं, आता बोला काय बोलायचं ते! मला तर त्या पदरापेक्षा ही ओळ जास्त धीराची वाटते.

आता तुझं बघ. ती भरल्या बाजारात निघाली अन् तू तिलाच चालू घडामोडीखाली दडवतेस. (हसत नाही मी, डीएडच्या वर्गात बाकाखाली कादंबऱ्या मीपण वाचल्यात.) चोरट्यासारखं होतं ते मराठी वाचल्यानं नाही होत, अभ्यासिकेच्या फीसनं होतं.

आईला आधी सांग, पण सरळ विषयाला हात घालू नको. जात्यावरची जनीची ओवी येते का म्हणून विचार. जनीसंगं विठ्ठल दळू लागतो, त्या ओव्या आपल्याकडच्या बायांना पाठ असायच्या, आईला नसतील तर आजीला असतील. तू बीएला नाव घालायच्या कितीतरी आधीपासून जनाबाई तुमच्या घरात आहे, फक्त ती पुस्तकातून आली नाही.

वडिलांचं जरा अवघड. एमए केलं की नोकरी लागती असलं काही सांगू नको, सेट-नेट काढूनसुद्धा जागा निघायची वाट बघत बसलेले तुझ्या रूमच्या गल्लीतच दोन-चार सापडतील. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेला मराठी साहित्य हा ऐच्छिक विषय घेता येतो हे खरंय, पण तुला परीक्षा द्यायचीच नसेल तर तेही सांगू नको, नाहीतर पुन्हा नवं पुस्तक वर ठेवून जुनं खाली वाचत बसशील.

अन् हे फोनवर नको. फोनवर बाप नुसतं "हं" म्हणतो अन् आईकडं फोन देतो. सुट्टी बघून परभणीवरून गंगाखेडची गाडी धर, जेवणं झाल्यावर बोल. ओरडतील, दोन दिवस बोलणारबी नाहीत कदाचित. जायच्या आधी अभ्यासिका बंद कर, अन् पुढच्या महिन्याच्या फीसचे पैसे आले असतील तर ते तसेच त्यांच्या हातात दे, बोलणं त्याच्यानंतर सुरू कर.