रिस्टोअर केलेली १९७२ ची एमजीबी रोडस्टर (उघडी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) इंग्लंडमध्ये विक्रीला आहे. घेण्याआधी काय तपासावं?

आधी सिल तपासा, म्हणजे दाराखालच्या पत्र्याच्या पोकळ पेट्या. रंग, क्रोम आणि लेदर नंतर. एमजीबीला वेगळी चासी नाही, बॉडीच भार पेलते, आणि रोडस्टरला छप्पर नसल्यामुळे त्यातला मोठा वाटा सिलवर येतो. इंग्लंडच्या ओल्या, मीठ टाकलेल्या रस्त्यांवर त्या आतून गंजतात. स्वस्तातलं रिस्टोरेशन म्हणजे अनेकदा सडलेल्या सिलवर नवा पत्रा वेल्ड करून वर झकास रंग. मालकांची जुनी चाचणी अशी: दार बंद ठेवून गाडी बाजूच्या जॅकिंग पॉइंटवर उचला आणि दाराच्या मागच्या फटीकडे बघा. फट आवळली तर बॉडी वाकतेय, सौदा सोडा. विक्रेता जॅक लावू देत नसेल, तरी सोडाच. शिवाय रंगाआधीचे, उघड्या पत्र्याचे फोटो आणि पावत्या मागा. जुन्या एमओटी (गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का, ही ब्रिटनमधली वार्षिक तपासणी) तपासण्यांच्या नोंदी सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतात. त्यात गंजाचे शेरे शोधा. मात्र ४० वर्षांहून जुन्या गाड्यांना बहुधा एमओटी माफ असते, त्यामुळे अलीकडची नोंद नसणं हा दोष धरू नका. १७९८ सीसीच्या इंजिनाची फार धास्ती नको: ५ लाखांहून जास्त एमजीबी बनल्या, सुटे भाग आजही मिळतात. सिलच्या बाबतीत अपवाद एकच. ब्रिटिश मोटर हेरिटेज या कंपनीची नवी बॉडीशेल (म्हणजे बॉडीचा पूर्ण सांगाडा) वापरली असेल आणि तिची पावती असेल, तर सिलची चिंता बरीच कमी होते. किंमत अर्थात त्या हिशेबानंच सांगतील.