मिलवरून आणलेल्या फळ्या ठेवायला साधी शेड

प्रश्न वाचला तुमचा. घरच्या बागेतले दोन साग आणि एक फणस पाडलात, मिलवर कापून 70 घनफुटाच्या आसपास माल निघाला, फळ्या 1 ते 2 इंच जाडीच्या नि 8 ते 10 फूट लांब, घराचं काम अजून वर्षदोन वर्षं लांब आहे, तर तोवर घराच्या मागच्या भिंतीला टेकवून पत्र्याची बंद खोली करू की सरळ ताडपत्रीत गुंडाळून ठेवू, असं विचारलंय. दोन्ही नका करू. मी दापोलीकडचा, आणि हे दोन्ही प्रकार स्वतः करून हात पोळून घेतलेला माणूस आहे.

ताडपत्रीचं आधी सांगतो. माझ्याकडे आंब्याच्या वीसबावीस फळ्या होत्या, मृगाच्या आधी एकावर एक चिकटून रचल्या, निळी ताडपत्री चारी बाजूंनी घट्ट ओढली, दोरी मारली आणि वर शहाणपणा म्हणून कडा मातीत दाबल्या. गणपती झाल्यावर सोडलं तर तोंडावर आंबट वाफ आली. फळ्यांवर कापसासारखी पांढरी बुरशी, ती पुसली तर खाली निळेकाळे पट्टे. रंधा मारला, परत मारला, पट्टे तसेच, कारण ते वरवर नसतातच, आत उतरलेले असतात. पावसाचा एक थेंब आत गेला नव्हता बरं का! लाकडातलंच पाणी बाहेर पडत होतं आणि त्याला जायला वाट नव्हती. शेवटी त्या फळ्या स्लॅबच्या शटरिंगला गेल्या.

म्हणजे शेड म्हटल्यावर डोक्यात गोदाम आणू नका, मांडव आणा. वरचा पाऊस आणि पश्चिमेची झड अडवायची, खालचा ओलावा अडवायचा, आणि बाकी सगळीकडून वारा खेळू द्यायचा. लोक पैसे घालतात पत्र्यात आणि भिंतीत, आणि माल खराब होतो तळातून नाहीतर कोंडल्यामुळे.

घराची भिंत का नको? एकतर पावसाळ्यात चिऱ्याची (जांभ्या दगडाची) भिंत स्वतःच ओली असते, दुसरं म्हणजे घराच्या पागोळ्या नेमक्या तिथेच पडणार, आणि तिसरं, भिंत आणि थप्पी यांच्यामधल्या अंधारात वाळवी कधी चढली ते तुम्हाला घराच्या चौकटीपर्यंत पोचल्यावरच कळेल. निदान 3 फूट सोडा, बॅटरी घेऊन माणूस चारी बाजूंनी फिरला पाहिजे. आमच्याकडे फुरसं (विषारी साप) निघतं अशा जागी, त्यामुळे हात घालण्याआधी दिसलं पाहिजे हेही आहेच.

आता माप. 70 घनफूट ऐकायला मोठं वाटतं पण हिशोब करा: फळीची जाडी सरासरी दीड इंच धरली आणि प्रत्येक थरात 1 इंचाची रिप (दोन थरांत फट राहावी म्हणून आडवी ठेवायची लाकडी पट्टी), शेजारच्या फळ्यांत बोटभर फट, तर सगळं मिळून 140 घनफूट जागा लागते. म्हणजे 10 फूट लांब, 4 फूट रुंद आणि साडेतीन फूट उंच अशी एकच थप्पी. त्याला 14 बाय 8 ची शेड पुष्कळ झाली, एका बाजूला उभं राहून फळ्या ओढायला जागाही उरते. वजनाचा मात्र अंदाज ठेवा, वाळलेलं सागवान घनफुटाला 18-19 किलो भरतं आणि ओलं त्याच्या दीडपट, म्हणजे आत्ता तुमच्याकडे जवळजवळ दोन टन माल आहे. तो नुसत्या मातीवर चार दगड ठेवून रचलात तर पहिल्या पावसात एक दगड खचणार आणि सगळ्या थप्पीला पीळ बसणार, तो पीळ मग फळीत कायमचा.

म्हणून तळ नीट करा. गवत-मुळ्या-जुन्या लाकडाचे तुकडे सगळं काढून टाका (वाळवीला आमंत्रण तेच असतं), मुरूम टाकून चोपा, आजूबाजूच्या जमिनीपेक्षा सहाएक इंच उंच, आणि चौफेर चर काढा. कोबा परवडत असेल तर उत्तम, नसेल तर थप्पीखाली तीन रांगांत चिरे मांडा, सिमेंटमध्ये बसवून आणि लेव्हल ट्यूबने (पाणी भरलेल्या नळीने) लेव्हल करून. ओळंबा-लेव्हल इथे, वरच्या पत्र्याला नाही! फळीचा तळ जमिनीपासून दीड फूट वर पाहिजे. वाळवीसाठी क्लोरपायरिफॉस 20 ईसी, 1 लिटरला 19 लिटर पाणी, तळाच्या मातीत आणि चिऱ्यांच्या बुडाशी मुरवा, हातमोजे घालून. विहीर जवळ असेल तर हे अजिबात करू नका, त्यापेक्षा दर पंधरा दिवसांनी चिरे बघत जा, मातीची नळी दिसली की खरवडून टाकायची.

खांब सहा पुरे, अडीच इंची एमएस (लोखंडी) पाइप, खाली टोपण वेल्ड करून आणि रेड ऑक्साइड (गंज न चढू देणारा रंग) मारून, अडीच फूट खोल काँक्रीटमध्ये. कातळ लागला तर ड्रिल मारून बेसप्लेट बोल्ट करा. पश्चिमेचे खांब जमिनीवर 7 फूट, पूर्वेचे 9 फूट, म्हणजे उतार पश्चिमेला आणि बुटकी बाजू वाऱ्याला. 12 फुटी पत्रा एका तुकड्यात घ्या, मधे जोड नको, पश्चिमेला अडीच फूट आणि पूर्वेला दीड फूट बाहेर काढा. शेजारच्या पत्र्यावर दीड नाळ (पत्र्यातली पन्हळ) चढली पाहिजे.

पत्रा कसा धरलाय यावर सगळं आहे हे मला 3 जून 2020 ला कळलं. निसर्ग वादळ श्रीवर्धनकडून आत शिरलं, आमच्याकडे दुपारभर जे काय चाललं होतं ते परत आठवायला नको. माझी तेव्हाची शेड लाकडी वाशांवर खिळ्यांनी मारलेली, कडेचे दोन पत्रे आधी फडफडायला लागले, मग खिळ्याभोवती पत्रा चिरत गेला आणि पाच मिनिटांत नवातले सात शेजाऱ्यांच्या काजूत. खिळे वाशात जागच्या जागी! पण खरी गंमत पुढे आहे. त्या गडबडीत आधी घर बघायचं का फळ्या, दहाबारा दिवस थप्पी उघडीच होती, भिजली, वरून नुसता एक जुना पत्रा ठेवून चिरे ठेवले होते. तरी त्या फळ्यांना काही झालं नाही, वरचा थर काळवंडला तेवढंच, कारण थराथरातून वारा जात होता आणि पाऊस थांबला की वाळत होत्या. आंब्याच्या फळ्या न भिजता सडल्या आणि या भिजून टिकल्या.

तर आता सेल्फ ड्रिलिंग स्क्रू, रबर वायसरचे, उंचवट्यावर मारायचे, नाळीत नाही. वायसर दबेल इतकेच आवळायचे, फुटेपर्यंत नाही. आडव्या पट्ट्या 3 फुटांवर, आणि कडेच्या पत्र्याला प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू, तिथे कंजुषी नको. कौलं जुनी पडून असतील तर उन्हाळ्यात खाली गारवा राहतो हे खरं, पण माकडं ठेवत नाहीत, मी नाद सोडला.

बाजूंचं सोपं आहे. पूर्व आणि उत्तर उघडी. पश्चिम आणि दक्षिणेला पावसापुरते झाप (माडाच्या झावळ्यांचे विणलेले पडदे) बांधा किंवा पत्रा मारा, पण खाली दीड फूट आणि वर फूटभर मोकळं सोडून. ऑक्टोबरात झाप काढून टाका.

आता थप्पी, आणि इथे घाई केलीत तर वरचं सगळं फुकट. रिपा वाळलेल्या लाकडाच्याच, एकसारख्या 1 इंच जाड, ओल्या रिपेचा डाग फळीवर उमटतो. दर दोन फुटांवर एक, थप्पीत 1 इंची फळ्या असतील तर सगळ्याच थरांना दीड फुटावर, आणि खालपासून वरपर्यंत रिपेवरच रिप, एका ओळंब्यात, आणि त्या ओळीखाली चिऱ्यावरची आडवी तुळई. रिप इंचदोन इंच सरकली की त्या जागी फळी वाकते, मग सुतार तुमच्याकडे बघतो. शेवटची रिप अगदी टोकाशी. जाड फळ्या खाली, फणस वेगळा. सगळ्यात वर टाकाऊ फळ्यांचा थर आणि त्यावर दहाबारा चिरे, मधे प्लास्टिक घाला नाहीतर लाल डाग पडतात. पत्रा आणि थप्पी यांच्यात दोनेक फूट राहू द्या, एप्रिल-मे मध्ये पत्र्याखाली भट्टी होते.

टोकं आज रंगवा, उद्या नको. टोकातून पाणी भराभर जातं आणि तिथूनच भेग सुरू होते, जुने लोक शेण फासायचे ते यासाठीच. उरलेला ऑइलपेंट कुठल्याही रंगाचा, दोन हात.

किडीचं विचारलंत. सागाचा आणि फणसाचा गाभा सहसा टिकतो, कडेचा पांढरा भाग खाल्ला जातो, पिठासारखी पूड पडते तो भुंगा. शक्य तेवढा पांढरा भाग मिलवरच काढायला हवा होता, आता राहिलाय तर 600 ग्रॅम बोरॅक्स आणि 400 ग्रॅम बोरिक ॲसिड 10 लिटर गरम पाण्यात विरघळवून रचताना ब्रशने मारा. पावसाने धुऊन जातं, त्यामुळे शेडखालीच.

वाळली कधी म्हणायची? इंचाला वर्ष असं म्हणतात, आपल्याकडे दोन उन्हाळे धरा, पावसाळ्यात लाकूड उलट ओलावा ओढतं. मी एक फूटभराचा तुकडा दोन्ही टोकं रंगवून थप्पीच्या मधे सरकवून ठेवतो आणि दर महिन्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून त्यावरच पेन्सिलीने लिहितो. मागच्या सागाच्या तुकड्यावर शेवटचे तीन आकडे सारखे आले तेव्हा सुताराला बोलावलं.

सागाची तोड परवानगी आणि वाहतूक पास प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरात ठेवा, शेडमध्ये नाही. आणि अंगणाचा उतार कुठल्या अंगाला आहे ते लिहा, चराचं पाणी कुठे सोडायचं ते त्यावरून सांगता येईल.