लॉनडेलला जाण्याआधी

प्रिय मुली,

शिकागोला पोचलीस की पहिल्याच गणपतीला नेपरव्हिल-शॉमबर्ग या उपनगरांतली मराठी मंडळी भेटतील. पोटभर जेवू घालतील आणि निघताना बजावतील, ‘वेस्ट साइडला, म्हणजे शहराच्या पश्चिमेकडच्या कृष्णवर्णीय वस्त्यांत, अजिबात फिरकू नकोस हं.’ तुझा नगरनियोजनाचा अभ्यासच त्या भागाचा, म्हणून हे पत्र.

त्याच भागातल्या नॉर्थ लॉनडेल या वस्तीत जायला पिंक लाइनच्या गाडीने पुलास्की स्टेशनला उतर. करड्या दगडाची जुनी, देखणी घरं दिसतील आणि त्यांच्या अधेमधे गवत माजलेले रिकामे प्लॉट. ‘एवढी चांगली घरं, यांना राखता आली नाहीत’ हा विचार मनात येईल. तो आला की त्या घराची खरेदीखतं शोधायला लाग.

१९५० साली इथे सुमारे ८७ टक्के वस्ती गोरी होती; १९६० साली ९१ टक्के कृष्णवर्णीय. ही अदलाबदल आपोआप झाली नाही. दलाल दारोदार जाऊन घाबरवायचे : काळे येताहेत, भाव पडणार, आत्ताच विका. घाबरून विकलेलं घर स्वस्तात घ्यायचं आणि दामदुपटीने कृष्णवर्णीय कुटुंबाच्या गळ्यात मारायचं. बँकेकडे जायची सोय नव्हती, कारण १९३४ साली स्थापन झालेलं सरकारी गृहनिर्माण खातं अशा वस्त्यांतल्या कर्जाला हमीच देत नसे. मग उरलं ‘कॉन्ट्रॅक्ट’. आधी रोख रक्कम, मग दरमहा हप्ता, कर आणि दुरुस्ती आपल्या खिशातून. घर मात्र शेवटचा हप्ता फिटेपर्यंत विकणाऱ्याच्याच नावावर. एक हप्ता चुकला तरी घर जायचं, भरलेले पैसेही बुडायचे आणि तेच घर पुढच्या गिऱ्हाइकाला.

इथल्याच क्लाइड रॉस या कृष्णवर्णीय गृहस्थांनी १९६१ साली २७,५०० डॉलरला घर घेतलं. विकणाऱ्याने ते सहाच महिन्यांपूर्वी १२,०००ला घेतलं होतं! असा हप्ता फेडायचा तर माणूस दोन-दोन नोकऱ्या करणार, पोटभाडेकरू ठेवणार, गळकं छप्पर पुढच्या वर्षावर ढकलणार. ‘राखता आली नाहीत’चा हिशेब हा असा आहे. १९६८ साली रॉस आणि त्यांच्या शेजाऱ्यांनी संघटना काढून हप्तेच रोखले. काहींचे करार सुधारले, काहींना घराबाहेर काढलं. या व्यवहारांतून शिकागोतल्या कृष्णवर्णीयांचे तीन ते चार अब्ज डॉलर गेले, असा २०१९ सालच्या एका अभ्यासाचा अंदाज आहे.

वर्गात वाद होईल : हा प्रश्न वंशाचा की गरिबीचा? तेव्हा शिकागोतल्या १९९५च्या जुलैतल्या उष्णतेच्या लाटेचा विषय काढ. शहरात सातशेच्या वर माणसं गेली. नॉर्थ लॉनडेलला लागूनच मेक्सिकन लोकांचं लिटल व्हिलेज आहे. गरिबी तिथेही होती, पण मृत्यूचं प्रमाण कितीतरी कमी. तिथला २६ वा रस्ता दुकानांनी गजबजलेला, म्हातारी माणसंही बाहेर पडायची. इकडे दुकानं गेलेली, शेजारची घरं पाडलेली. एकटी म्हातारी माणसं भीतीने दारं-खिडक्या बंद करून बसलेली. म्हणजे नुसत्या गरिबीने हा फरक उलगडत नाही.

‘आम्हीही दोन बॅगा घेऊनच आलो होतो’ हे वाक्य तुला पुष्कळदा ऐकावं लागेल. खरंच आहे ते. पण अमेरिकेच्या १९६५च्या स्थलांतर कायद्याने दार उघडलं तेव्हा आपल्या बहुतेकांच्या बॅगेत पदवी होती आणि घर घ्यायच्या वेळी बँकेने कर्ज दिलं. जेवणाच्या ताटावर हा वाद घालू नकोस, घरी येऊन वहीत लिही. आडनाव विचारून मगच फ्लॅट दाखवणारा दलाल तू मुंबईत पाहिलेला आहेस. तुला हे समजायला जड जाणार नाही.

बंद दुकानांचे फोटो काढत फिरू नकोस, लोकांचा संताप होतो आणि तो रास्त आहे. रविवारी चर्चनंतर कुणी जेवायला थांब म्हटलं तर थांब. प्रश्नावली पहिल्या भेटीत पिशवीतच राहू दे. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत एखाद्या आजींना विचार, घर कॉन्ट्रॅक्टवर घेतलं होतं का? मग कुक काउंटीच्या, म्हणजे शिकागो ज्या जिल्ह्यात येतं त्याच्या, नोंदींत त्या एकाच घराचे १९५० पासूनचे सगळे व्यवहार तारीखवार लाव. कॉन्ट्रॅक्टची नोंद बऱ्याचदा सापडणार नाही, ती आजींच्या ट्रंकेतच असेल. जमलं तेवढं मला पाठव.

तुझी,
मावशी